माझा आवाज कुठे अडला?

“आवाज येत नाही. जरा मोठ्याने बोला.”

मी प्रथम वर्षाला असताना एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी माझी मुलाखत झाली, तेव्हा हे वाक्य मी तीन वेळा ऐकले. मुलाखत घरी बसून लॅपटॉपवर द्यायची होती. पडद्यावर तीन परीक्षक होते आणि मी घोडेगावात आमच्या आतल्या खोलीत दार लोटून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन बसले होते. चौथ्या वेळी मी जवळजवळ ओरडलेच. ते ऐकून ओट्यावर गहू निवडत बसलेली आजी दार ढकलून आत आली आणि म्हणाली, “काय झालं गं? कोणाशी भांडती?” आजीला एका कानाने कमी ऐकू येते. तिला ओट्यावर ऐकू गेले आणि परीक्षकांना हातभर अंतरावरच्या यंत्रातून गेले नाही, यात काहीतरी चुकते आहे हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते. ते आले नाही. आठ दिवसांनी निवड झाली नसल्याची ई-मेल आली. तिच्यात अभिप्राय होता : संवादकौशल्य व आत्मविश्वास यांत सुधारणेस वाव आहे.

तो अभिप्राय मी खरा मानला. आमचे गाव नगर–संभाजीनगर रस्त्यावरचे, कांद्याच्या आणि म्हशींच्या बाजाराचे. तेथे हळू बोलून कोणाचे भागत नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कांदा बाजारात हमाली करतात. लिलावाच्या गर्दीतही त्यांनी मारलेली हाक रस्त्यापलीकडे ऐकू येते. पण हा नियम पुरुषांसाठी. “पोरीच्या जातीचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये,” हे आजीचे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. तेव्हा माझा आवाज मुळातच लहान असणार, हे मला पटायला वेळ लागला नाही. त्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेसाठी दिलेले नाव मी काढून घेतले. वर्गात शंका विचारणे बंद केले. असे दोन महिने गेले. पुढे जे कळले ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. त्याचा विषय आहे लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपचा माइक. कला शाखेच्या अंकात हा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील. पण आपल्या वर्गातही आता बऱ्याच जणांकडे असले जुने लॅपटॉप आहेत आणि ‘आवाज येत नाही’ हे वाक्य त्यांनीही ऐकले असणारच.

आधी लॅपटॉपविषयी. तो दुसऱ्याने वापरलेला, नगरच्या एका दुकानातून हप्त्याने घेतलेला. त्याच्यावर विंडोज होती, पण ती इतकी संथ चाले, की चहा टाकावा, उकळावा, गाळावा, तरी पडदा उघडलेला नसे. माझ्या मामेभावाने ती काढून तिच्या जागी लिनक्स मिंट बसवून दिले. लिनक्स ही संगणकाचा सारा कारभार पाहणारी प्रणाली. लिनस तोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तिची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी, अशी परवान्यातच मुभा आहे. दाम मोजावे लागत नाही. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्सची आवृत्ती काढली, तिच्यात मराठीही आहे. माझ्या मिंटमध्येही भाषा मराठी निवडता येते. मात्र अर्धी पाटी मराठीत आणि अर्धी इंग्रजीत अशी सरकारी कचेरीसारखी अवस्था होते, म्हणून मी ती इंग्रजीतच ठेवली आहे.

या फुकटच्या सौद्याची एक अडचण आहे. लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले, तर लिनक्सचे नाव ऐकताच तेथील माणसाने हात वर केले. “ते काढून विंडोज टाका, मग बघू.” म्हणजे जे काय करायचे ते आपणच. नाही म्हणायला, प्रणाली खुली असल्यामुळे आतले प्रत्येक दार उघडून पाहायची सोयही होतीच.

शोधाला सुरुवात झाली ती एका मैत्रिणीच्या बोलण्यावरून. आम्ही चौघीजणी परीक्षेच्या आधी लॅपटॉपवर एकत्र अभ्यास करीत होतो. ती सहज म्हणाली, “तू फोनवर बोलतेस तेव्हा कान लांब धरावा लागतो आणि लॅपटॉपवर आलीस की विहिरीत उतरून बोलल्यासारखं ऐकू येतं.” मी दचकले. फोनवरची मी आणि लॅपटॉपवरची मी एकच. आत्मविश्वासही तोच. मग फरक कोणात?

पहिली गोष्ट सापडली ती सांगायला लाज वाटते, तरी सांगते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कोणी पाहू नये म्हणून आम्ही मुली त्याच्यावर टिकली लावतो. माझीही होती, चांगली मोठी, आजीच्या पाकिटातली. बऱ्याच लॅपटॉपांत माइकचे भोक कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, टाचणीच्या टोकाएवढे असते. मुलाखतीच्या वेळी कॅमेरा सुरू करायचा म्हणून मी टिकली सोलून बाजूला सरकवली होती, ती नेमकी त्या भोकावर! टिकली काढली, डिंक पुसला. आवाज किंचित सुधारला. विहिरीतून आडापर्यंत आला म्हणा. ज्यांना पुढचे काही करायचे नाही, त्यांनी निदान एवढे तरी तपासावे.

पुढचे समजण्यासाठी माइक काय करतो हे थोडे पाहू. आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारी थरथर. माइकमधला पातळ पडदा तिच्याबरोबर हलतो आणि त्या हलण्याची वीज होते. बेल प्रयोगशाळेतील गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट या दोघांनी १९६२ साली इलेक्ट्रेट माइक तयार केला. तेव्हापासून माइक लहान व स्वस्त होत गेला आणि फोनात, टेपरेकॉर्डरात, सगळीकडे शिरला. अलीकडच्या यंत्रांत सिलिकॉनवर कोरलेला त्याहूनही लहान माइक असतो. यातून निघणारी वीज अतिशय बारीक, व्होल्टच्या हजाराव्या हिश्शात मोजावी अशी. आणि संगणक तर वीज साठवतच नाही, तो आकडे साठवतो. सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा तो त्या विजेचे माप घेतो आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या शिडीवर कितव्या पायरीला बसते ते लिहून ठेवतो. वीज फारच बारीक असेल, तर सारा आवाज तळच्या चार-दोन पायऱ्यांवरच घोटाळत राहतो. म्हणून मापण्याआधी तिला वाढवावे लागते, आणि हे वाढवणे एका ठिकाणी होत नाही.

येथे मला आमच्या रानाचा दाखला द्यावासा वाटतो. मुळा धरण राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरला आहे; ज्ञानेश्वर सागर हे त्याचे नाव, साठा २६ टी.एम.सी. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी आपल्या नेवासे तालुक्यात येते. आमचे सव्वा एकर रान चारीच्या अगदी टेलला आहे. टेलचा शेतकरी म्हणजे काय हे ज्याचे रान टेलला आहे त्यालाच ठाऊक. धरण भरलेले असते, आवर्तन सुटलेले असते, वर्तमानपत्रात तसे छापून आलेले असते, आणि आपल्या वाफ्यात मात्र बोटभर धार. कारण कालव्याचे दार, वितरिकेचे दार, चारीचे दार, मग आपल्या बांधावरचे दार. यांतले वरचे एक जरी अर्धे मिटलेले असले, तरी खालची सगळी सताड उघडून उपयोग नाही. लहानपणी अण्णांबरोबर दारे धरायला गेले होते. पाणी येईना, तेव्हा मी आपल्याच बांधावरची माती फावड्याने ओढत राहिले. अण्णा म्हणाले, “इथं उकरून काय होतंय? वर चालत जा. कुठं अडलंय ते बघ.” आम्ही अर्धा कोस वर गेलो. चारीच्या दारात कडब्याची पेंढी अडकली होती.

लॅपटॉपच्या माइकचे अगदी असेच आहे. माइक हे धरण. त्यानंतरचे पहिले दार ‘बूस्ट’. ते माइकमधून आलेली बारीक वीज वाढवते. दुसरे दार ‘कॅप्चर’. त्याच्यातून वीज मापणाऱ्या यंत्राकडे जाते. तेथे विजेचे आकडे होतात. त्यानंतर पडद्यावरच्या सेटिंगमध्ये आपल्याला दिसणारी आवाजाची पट्टी, हे बांधावरचे दार. आणि शेवटी ज्या कार्यक्रमातून आपण बोलतो तो, म्हणजे वाफा. त्याचेही स्वतःचे एक दार असते. (नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. शके १२१२ ची गोष्ट. तेव्हा मध्ये दार एकच होते, बाबांचे कान. सोयीचे होते म्हणायचे.)

मी इतके दिवस काय करीत होते, तर बांधावरची माती उकरत होते. पडद्यावरची पट्टी शंभरावर नेली. मामेभावाने ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ नावाचा कार्यक्रम बसवायला सांगितला. त्यातली पट्टी शंभराच्याही पुढे १५३ पर्यंत जाते. तीही नेली. माझा आवाज थोडा वाढला आणि त्याच्या दुपटीने ‘स्स्स’ असा फुत्कार वाढला. असे का व्हावे? टेलला साचलेल्या ओंजळभर पाण्यात मोटार लावली, तर पाण्याबरोबर गाळही ओढला जातो. तसेच हे. मापून झालेल्या आकड्यांना नुसते गुणले, तर आवाजाबरोबर यंत्राची आतली खरखरही तेवढ्याच पटीने गुणली जाते. वाढवायचे ते वर, मापण्याआधी.

वरच्या दारांपाशी जायचा रस्ता लिनक्समध्ये असा आहे. लिनक्समधील ध्वनीचा तळचा कारभार ‘अल्सा’ या व्यवस्थेकडे असतो. २००२ साली ती लिनक्सच्या गाभ्यात आली. तिच्यावर आणखी एक थर असतो : पूर्वी बहुतेक ठिकाणी ‘पल्सऑडिओ’ असे, आता त्याची जागा ‘पाइपवायर’ घेत आहे, फेडोराने ती अदलाबदल २०२१ साली केली. वर कोणीही असो, तळाला अल्साच. टर्मिनल म्हणजे आज्ञा टंकित करण्याची काळी खिडकी उघडावी आणि ‘अल्सामिक्सर’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबावे. लिफ्टच्या खांबांसारखे उभे पट्टे दिसू लागतात.

येथे पहिली फसगत होते, माझी झाली म्हणून सांगते. आरंभी दिसतो तो एकुलता एक पट्टा वरच्या थराचा असतो. पुन्हा बांधावरचेच दार. खऱ्या ध्वनिपत्राची दारे पाहण्यासाठी एफ ६ दाबून यादीतून ते निवडावे लागते. माझ्या यादीत त्याचे नाव ‘एचडीए इंटेल पीसीएच’ असे होते. काही लॅपटॉपांत टी.व्ही.ला जोडायच्या तारेचेही एक वेगळे पत्र यादीत असते. तेथे माइक नसतो. पत्र निवडले, की एफ ४ दाबावे, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची दारे दिसतात. डावी-उजवी बाणकळ दाबून पट्टा निवडायचा, वर-खाली बाणकळीने तो चढवायचा-उतरवायचा. पट्ट्याखाली ‘कॅप्चर’ हा शब्द उमटला नसेल, तर स्पेसची कळ दाबून तो आणायचा. नाहीतर दार उंच असूनही कुलूप लागलेले असते.

माझ्या यंत्रात ‘कॅप्चर’ चाळीसच्या आसपास होते आणि ‘इंटर्नल माइक बूस्ट’ शून्यावर. शून्य! कालव्याचे दारच मिटलेले आणि मी वर्षभर वाफ्यात उभी. पडद्यावरची पट्टी हलवली, की काही यंत्रांत ही दोन्ही दारे आपोआप हलतात. माझ्या यंत्रात ती ‘कॅप्चर’ला हलवीत होती, ‘बूस्ट’ जागचे हलत नव्हते. या बूस्टच्या पट्ट्याला चारच थांबे होते : ०, ३३, ६७ आणि १००. आकडे टक्क्यांसारखे दिसतात, पण प्रत्येक थांबा १० डेसिबलचा. डेसिबलचा हिशोब बेरजेचा नसून पटीचा आहे. दर २० डेसिबलला विजेचा दाब दहापट होतो, म्हणून ३० डेसिबल म्हणजे सुमारे ३२ पट. मी अधाशासारखा शंभर केला. मग ए-रेकॉर्ड या आज्ञेने पाच सेकंद बोलणे टिपून कानात इअरफोन घालून ऐकले. माझ्या आवाजाच्या मागे लॅपटॉपच्या आतला पंखा गिरणीसारखा घरघरत होता, आणि मोठ्याने उच्चारलेले शब्द फाटत होते; शिडीची सर्वांत वरची पायरीही संपली की आवाज असा फाटतो. एक थांबा खाली आले, मग आणखी एक. ३३ वर, म्हणजे १० डेसिबलवर, आणि ‘कॅप्चर’ ऐंशीच्या जवळ ठेवल्यावर आवाज स्वच्छ आला. पडद्यावरची पट्टी शंभरावर ठेवली, त्यापुढे नाही.

इअरफोनमध्ये मी मला पहिल्यांदा नीट ऐकले. आवाज लहान नव्हता. थोडा घोगरा, अण्णांच्या वळणाचा आहे.

आता हा लेख येथे संपायला हरकत नव्हती. पण आनंदाने मैत्रिणीला लॅपटॉपवरून हाक दिली, तर ती म्हणाली, “अगं, बोल ना!” मी बोलतच होते. तिला जे पोहोचत होते ते पूर्वीपेक्षा जरासे बरे, पण विहिरीतलेच. टिपून ऐकावे तर खणखणीत. दुसऱ्याला ऐकवावे तर नाहीसे. माझा विश्वास उडाला. खरे सांगायचे तर त्या रात्री परीक्षकांचे म्हणणेच बरोबर असावे, असे पुन्हा एकदा वाटून गेले.

याचे कारण शोधायला मला तीन आठवडे लागले, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत नवलाचे वाटले ते हेच. लॅपटॉप माइकचा आवाज दोन वाटांनी टिपतो, डावी व उजवी. काही लॅपटॉपांत एकाच माइकच्या दोन तारा या दोन वाटांना अशा जोडलेल्या असतात, की दोन्हींकडे आवाज तोच, पण एकीकडे उलटा. डावीकडे लाट वर जाते त्याच क्षणी उजवीकडे ती तेवढीच खाली जाते. इअरफोनमध्ये डाव्या कानाला डावी वाट आणि उजव्या कानाला उजवी, म्हणून दोन्ही कानांना ऐकू येते. फार तर आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो. मला तसे वाटलेही होते, पण मी ते स्वस्त इअरफोनच्या माथी मारले. लॅपटॉपवरून दुसऱ्याशी बोलताना मात्र बहुतेक कार्यक्रम दोन वाटा एकत्र करून एकच वाट पाठवतात. एकीत अधिक पाच, दुसरीत उणे पाच, बेरीज शून्य. रस्सीखेचीत दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने ओढले, तर मधला रुमाल जागचा हलत नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटते, कोणी जोरच लावत नाही. दोन वाटा अगदी तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून थोडासा आवाज उरतो. तोच परीक्षकांना जात होता. मी जितक्या जोराने ओरडत होते, तितक्याच जोराने माझे ओरडणे पुसले जात होते.

रोगाच्या मानाने उपाय अगदी साधा निघाला. एक वाट बंद करायची. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’मध्ये ‘इनपुट डिव्हाइसेस’ या पानावर माइकच्या नावासमोर कुलपाचे लहान चित्र असते. ते दाबले, की डावी व उजवी पट्टी सुटी होते. उजवी शून्यावर आणायची, डावी तशीच ठेवायची. अल्सामिक्सरमध्येही हे करता येते. तेथे क्यू व झेड या कळा डाव्या वाटेला चढवतात-उतरवतात आणि ई व सी उजव्या वाटेला. उजवी पट्टी शून्यावर नेली आणि मैत्रिणीला म्हटले, “आता?” तिकडून, “अगं बाई, हळू!” असे उत्तर आले. तिचा धाकटा भाऊ झोपला होता.

ज्यांना आपल्या यंत्रात हा दोष आहे की नाही ते पाहायचे असेल, त्यांनी हीच कसोटी लावावी. इअरफोनमध्ये टिपलेला आवाज चांगला आणि समोरच्याला मात्र क्षीण, असे असेल तर उजवी वाट मिटून पाहावे. फरक पडला नाही, तर पुन्हा उघडावी. नुकसान काही नाही. ठरावीक बनावटीच्या लॅपटॉपांसाठी लिनक्सच्या गाभ्यातच याची दुरुस्ती घातलेली आहे, म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवणे केव्हाही चांगले. कायमचा उपाय म्हणून फक्त डावी वाट घेणारा एक कृत्रिम माइकही प्रणालीत तयार करता येतो. मी तो मामेभावाकडून करवून घेतला आहे. त्याची आज्ञा लांबलचक आहे, हवी असल्यास लिहून देईन.

किरकोळ गोष्टी दोन-तीन. बैठकीचे काही कार्यक्रम आपल्या माइकची पातळी स्वतःच वर-खाली करतात. हेतू चांगला असतो, पण आपण नीट लावलेली दारे ते न विचारता हलवून ठेवतात, जसा रात्री येऊन चारीचे दार फिरवून जाणारा शेजारी. त्यांच्या सेटिंगमध्ये माइक आपोआप जुळवण्याची जी खूण असते ती काढावी. लावलेली दारे यंत्र बंद करून सुरू केल्यावरही तशीच राहावीत म्हणून ‘अल्सा-सी-टी-एल स्टोअर’ ही आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने एकदा द्यावी. बहुधा प्रणाली हे आपणहून करते, पण मी देते. आणि ज्यांचा लॅपटॉप अगदी नवा आहे आणि त्यात माइक यादीतच दिसत नाही, त्यांची गोष्ट निराळी. त्या यंत्रांतील अंकीय माइकला ‘साउंड ओपन फर्मवेअर’ नावाची पुरवणी लागते. ती बसवून यंत्र पुन्हा सुरू करावे, बूस्ट शोधत बसू नये.

हे सर्व अण्णांना सांगितले. डेसिबल वगैरे मी गाळले, फक्त दारांचे सांगितले. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “म्हणजे त्या साहेबांनी टेलला उभं राहून म्हणायचं, धरणातच पाणी नाही.” मग म्हणाले, “पण तू वर चालत जायला एवढे दिवस का लावले?” याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पडद्यावर तीन सुशिक्षित माणसे आणि इकडे मी, घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी. चूक कोणाची हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

यंदा त्याच शिष्यवृत्तीसाठी मी पुन्हा अर्ज केला. मुलाखतीच्या आदल्या रात्री अल्सामिक्सर उघडून सगळी दारे पाहिली, टिकली काढून कपाटाच्या आरशाला लावली, मैत्रिणीशी पाच मिनिटे बोलून खात्री केली. परीक्षकांत गेल्या वेळचे एक सर होते. त्यांचे पहिलेच वाक्य, “आपला आवाज जरा जास्त येतो आहे, थोड्या मागे सरकून बसा.” मी सरकले. पुढे वीस मिनिटे त्यांनी मला कांद्याच्या भावापासून संत जनाबाईपर्यंत पुष्कळ काही विचारले. काही आले, काही आले नाही. एका प्रश्नाला मी चक्क चुकीचे उत्तर दिले, पण ते चुकीचे उत्तर त्यांना स्पष्ट ऐकू गेले. हा अंक छापायला जाईपर्यंत निकाल लागलेला नाही.

कोणाच्या लॅपटॉपला हा त्रास असेल, तर मला मधल्या सुट्टीत ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भेटावे. घोडेगावची एस.टी. साडेपाचला असल्यामुळे कॉलेज सुटल्यावर फार वेळ थांबता येत नाही. येताना चार्जर आणि इअरफोन दोन्ही आणावेत. आणि टिकली असेल तर आधीच काढून यावे.